सुमेधाताईंचे हात

"नापास हा शब्द इथे तोंडातून काढायचा नाही," अनुराधा म्हणाली. "रकाने दोनच. 'जमलं' किंवा 'अजून नाही'. अजून नाही म्हणजे पुन्हा यायचं, बस्स."

"आणि फार सुंदर जमलं तर?"

"जमलं."

"डोळ्यांत पाणी येईल इतकं सुंदर?"

"तरी जमलंच. इथे कुणी पहिलं येत नाही, देवव्रत."

देवव्रत वाळिंब्यांनी मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. पुण्यात बेकरी शिकवली तेव्हा दहापैकी सातच्या वर त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं. एकदा एका केकची त्यांनी इतकी उलटतपासणी केली, की म्हणे केकच खाली बसला. ख्राइस्टचर्चच्या या पॉलिटेक्निकात आल्यापासूनही तेच. मुलांनी पाव भाजावा आणि सरांनी 'अजून नाही' म्हणावं. तक्रारी वरपर्यंत गेल्या. विभागप्रमुख अनुराधाने शेवटी स्पष्टच सांगितलं होतं, की आजची परीक्षा नियमाने घेतलीत तर नोकरी कायम. नाहीतर कठीण आहे.

"मी कोपऱ्यात बसते. मी नाहीच असं समजा," म्हणत तिने तपासणीचा कागद पुढे केला.

देवव्रतांनी वरच्या ओळी वाचल्या आणि कपाळाला हात लावला. "हात धुतले का, टोपी घातली का... अगं, ही बालवाडी आहे का? यात कला कुठे आहे?"

"जे लिहिलंय तेवढंच बघायचं," ती म्हणाली आणि चहाचा मग घेऊन स्टुलावर जाऊन बसली. तिच्याही मांडीवर एक कागद होता.

खिडकीबाहेर पिकल्या केसांच्या एक बाई खांबाला कुत्रा बांधत होत्या. कुत्रा मोठा लाघवी, सोडेचना. त्याचे कान कुरवाळून, कशीबशी समजूत काढून त्या आत आल्या.

"किया ओरा!" त्यांनी इथला माओरी नमस्कार केला. "मी सुमेधा."

"मराठी?" देवव्रत उडालेच.

"सासर सांगली, मुक्काम लोअर हट. इथे भावाकडे उतरलेय, कुत्रा त्याचाच. वर्गात न बसता नुसत्या अनुभवावर परीक्षा देता येते ना? सर्टिफिकेट मिळालं तर इथे बेकरी टाकीन म्हणते. तुम्हीच का ते सर, ज्यांच्याकडे कुणी पास होत नाही?"

देवव्रत कसनुसं हसले. "काम बघून ठरवतो."

"बघा हं. नीट बघा."

सुमेधाताईंनी टोपी घातली, एप्रन बांधला आणि न विचारता बरोबर लाटण्याचाच खण उघडला. जातिवंत बेकर, देवव्रतांच्या मनात आलं. भांडं कुठे असेल ते यांना वासावरून कळतं!

करायचं होतं सफरचंदाचं स्ट्रूडल. म्हणजे मैद्याची पारी ताणून ताणून पातळ करायची आणि आत सफरचंद गुंडाळून भाजायचं. सुमेधाताईंनी मुरलेला गोळा घेतला, थोडा लाटला, आणि मग लाटणं चक्क बाजूला ठेवून दोन्ही हातांच्या पालथ्या मुठींवर पारी फिरवायला लागल्या.

"मांडे!" देवव्रतांच्या तोंडून निघालं. "अहो, हा तर मांड्याचा हात!"

"आजेसासूबाईंनी शिकवलं," त्या म्हणाल्या आणि एकदा त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "सर, काही चुकत असेल तर सांगा हं."

"चुकतंय? बाई, तुम्ही थांबू नका!"

पारी वाढत गेली. ताटाएवढी झाली, परातीएवढी झाली, टेबलाच्या चारी कडांवरून खाली लोंबायला लागली. इतकी पातळ, की पलीकडच्या भिंतीवरचं घड्याळ तिच्यातून वाचता यावं. फाटेल म्हणून देवव्रतांनी श्वास धरून ठेवला. शेजारच्या वर्गाचे सुतारकामाचे दाढीवाले मास्तर दारात आले, त्यांच्यामागे त्यांच्या वर्गातली मुलं आली. सगळे त्या हातांकडे बघत होते. फुंकर घातली असती तर पारी उडून समुद्रापार गेली असती, आणि ते हात जाऊन तिला परत घेऊन आले असते.

स्ट्रूडल भट्टीतून निघालं तेव्हा सुरी लागताच पापुद्रे सुकल्या पानांसारखे वाजले. देवव्रतांनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा खाल्ला, आणि मग बोटं चाटली. सुतारमास्तरांनी बशीच पुसून घेतली.

"अनुराधा, घे ना!"

"नको. चहा झालाय माझा."

"सुमेधाताई, तुम्ही तरी?"

"छे हो. मी नाही खात."

देवव्रतांनी कागद ओढला आणि वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा करत सुटले. वाचायची गरजच नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हात आखडता घ्यावासा वाटला नाही. तळाला 'जमलं' वर गोल केला, तो कमी वाटला म्हणून त्याच्याभोवती आणखी एक गोल केला.

"झालं बघ!" त्यांनी अनुराधाकडे पाहिलं. डोळे खरोखरच भरले होते. "मला कंजूष म्हणता ना? दहापैकी दहा दिले असते आज!"

सुतारमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर कुत्राही भुंकला.

अनुराधा स्टुलावरून उठली. तिने आपल्या मांडीवरचा कागद टेबलावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि विचारलं, "काय लिहायचं, मॅडम?"

सुमेधाताई बेसिनपाशी गेल्या. बाह्या सारल्या, साबण घेतला आणि आल्यापासून पहिल्यांदा हात धुतले. टॉवेलला ते नीट पुसून त्यांनी पेन उचललं, आणि कागदावरच्या 'देवव्रत वाळिंबे' या नावापुढे लिहिता लिहिता मायेने म्हणाल्या, "नापास नाही हो, सर. अजून नाही. गुरुवारी पुन्हा या."