घराला टायर

सुनेने छताच्या पन्हळीत फडकं कोंबलं आणि कुठे गळतंय का ते बघायला पाण्याची नळी सोडली. सपाट छतभर काळं रबर एकसंध पसरलेलं होतं, कडा कठड्यावर वीतभर चढवून चिकटवलेल्या. पाणी हळूहळू साचू लागलं.

"टायरच घातलंस की घराला," सासरे म्हणाले.

"टायर गळत नाही, बाबा." चौकात तिचं पंक्चरचं दुकान होतं. रबराबद्दल तिला शिकवायला कोणी जात नसे.

सासरे गवंडी. हे छत त्यांनी स्वतःच्या हाताने ओतलेलं. ते गळायला लागलं तेव्हा वरचा थर फोडून नव्याने घालायचं त्यांच्या मनात होतं. पण खालच्या खोलीत सासूबाई खुब्याचं हाड मोडून पडून होत्या. त्यांच्या डोक्यावर महिनाभर घण कोण घालणार? रबर एका दिवसात बसलं, एक ठोका न पडता. सासऱ्यांच्या मनाला नेमकं तेच लागलं. सकाळपासून ते खोड्या काढत होते. उन्हात तापतं. दिसायला कळकट. टोकदार वस्तूचं वावडं. सून प्रत्येक गोष्टीला "खरंय" म्हणत होती, त्यामुळे ते आणखीच चिडत होते.

"आणि भोक पडलं तर?"

"तर ठिगळ लावू."

तेवढ्यात खालून सासूबाईंची हाक आली. "अगं, उशीवर टपकतंय."

दोघं खाली धावले. जुन्या भेगेला ओल आली होती. सुनेने पलंग बाजूला ओढला.

"म्हटलं नव्हतं?" सासरे म्हणाले, पण बायकोची ओली उशी पाहून त्यांचा आवाज पडला.

सून वर गेली. पन्हळीतलं फडकं काढलं. पाणी ओसरल्यावर भेगेच्या नेमक्या वरची जागा गाठली आणि उकिडवं बसून, ट्यूब चाचपावी तसा तळहात फिरवत गेली. एका जागी हात थांबला. करंगळीच्या नखाएवढं गोल भोक, आणि तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत गेलेला ताजा ओरखडा. टाकीच्या सावलीत सासऱ्यांची लोखंडी खुर्ची होती.

मागे उभ्या सासऱ्यांनी ओरखडा पाहिला, खुर्ची पाहिली.

"काल संध्याकाळी मीच ओढली," ते म्हणाले.

"हं," सून म्हणाली. तिने जागा पुसली, घासली, सोल्यूशन लावलं, फुंकर घातली. ठिगळ ठेवून म्हणाली, "दाबून धरा बाबा. तुमच्या हाताला वजन आहे."

सासरे गुडघ्यांवर बसले. आयुष्यभर थापी धरलेला पंजा त्यांनी ठिगळावर टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"सिमेंटला भेग गेली की पाणी शिरतं एकीकडे, टपकतं भलतीकडे," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "अर्धं छत फोडलं तरी चोर सापडत नाही." मग ठिगळाकडे बघत, "हा लगेच सापडला."

"सगळीकडून चिकटवलंय ना. खालून पाण्याला पळायला वाट नाही."

ठिगळ धरल्यावर तिने पुन्हा पाणी तुंबवलं. खुर्ची उचलून खाली नेली. सासऱ्यांनी अडवलं नाही.

दुपारभर पाणी छतावर उभं राहिलं. भेगेची ओल कडेने सुकत आत आली, थेंब काही पडला नाही. दिवस कलल्यावर सुनेने पाणी सोडून दिलं, पलंग पुन्हा जागेवर ढकलला आणि सासूबाईंच्या उशाशी बसली. दोघी वर बघत राहिल्या.

"हे कुठे गेले गं?" सासूबाईंनी विचारलं. "छतावर असते तर पावलं वाजली असती."

"छतावरच आहेत," सून म्हणाली. "बूट काढून फिरताहेत."