इथे हशा नको

स्टुडिओच्या पडद्यावर नवी मुलगी खुर्चीवर उभी राहून गात होती आणि तिला हॉस्टेलच्या ‘राणी गटा’त घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्या सीनियर मुली एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. मालिका विनोदी होती. अशा प्रसंगांमागे प्रेक्षकांचा तयार हशा जोडणं हे वृंदाताईंचं काम. बावीस वर्षांत त्यांनी हजारो हशे बिनचूक बसवले होते. आज मात्र माउसवरचं बोट हलेना.

“ताई, इथे मोठा टाका,” दिग्दर्शक निनाद मागून म्हणाला. “दुपारी एपिसोड द्यायचाय चॅनेलला.”

“इथे हशा नको.”

“अहो, लोकांना कळायला नको का, कुठे हसायचं ते?”

“ते सांगावं लागत नाही. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.”

निनादला काही उमगेना. मग ताईंनी सांगितलं. त्यांची हॉस्टेलमधली रूममेट, गडचिरोलीकडून आलेली भारती गेडाम. गटात घेतो म्हणून तिलाही असंच खुर्चीवर उभं केलं होतं. तिच्या पहिल्याच ओळीला सगळ्या हसत सुटल्या, सर्वांत आधी वृंदाताई. सकाळी भारतीची कॉट रिकामी होती. ती कॉलेजला परत आलीच नाही.

“काय गात होती?” निनादनं हळूच विचारलं.

“हसण्यात ऐकूच आलं नाही रे.”

निनादनं शेजारी खुर्ची ओढली, हशाचा ट्रॅक बंद केला आणि तो प्रसंग पुन्हा सुरुवातीपासून लावला.