कर्णिकांच्या झाडांना पाणी

साडेनऊ वाजले तरी कर्णिकांची किल्ली आली नव्हती. खाली टॅक्सी येऊन उभी होती. सुमती गॅलरीत टॉवेल वाळत घालत होती. तो एकच टॉवेल ती वीस मिनिटं वाळत घालत होती.

शेजारचे कर्णिक दर मे महिन्यात सहलीला जात. सहलवाल्या कंपनीबरोबर जात. नऊ दिवसांत बावीस ठिकाणं बघत आणि चोवीस ठिकाणांचे फोटो आणत. निघायच्या आदल्या संध्याकाळी विद्युल्लता कर्णिक दातारांकडे, म्हणजे सुमतीकडे, किल्ली ठेवायला येई. "झाडांना तेवढं पाणी घाला हं, सुमतीताई." पाच वर्षं असंच चाललं होतं. किल्ली घेताना सुमतीचा चेहरा असा काही होई, की बिल्डिंगने केव्हाच निदान करून टाकलं होतं. बाई जळते.

बाई जळत नव्हती. आनंद लपवताना तिचा चेहरा तसाच होई.

दातारांकडून मे महिन्यात कुणी कुठे जात नसे. सगळे येत. दिघाशी गावची हौसामावशी तीन नातवंडं घेऊन हवापालटासाठी भिवंडीत येई. "तुमच्याकडं पंखा हाय, नळ हाय. आमच्याकडं न्हाय," असं म्हणून ती पंख्याखाली जी पसरे, ती चहालाच उठे. तिला सोबत म्हणून सासूबाई, म्हणजे माई, चहा घेत. त्यांना सोबत म्हणून नातवंडं काहीतरी खात.

दुपारी एक वाजता सुमती तांब्या उचले. "झाडांना पाणी घालून येते." कर्णिकांकडे झाडं तीन. एक तुळस, एक कोरफड आणि एक मनीप्लँट. मनीप्लँट तर बाटलीतच होता. या तिघांना पाणी घालायला साडेतीन तास लागत. त्यातली चार मिनिटं पाण्याची. बाकीचा वेळ सुमती कर्णिकांच्या दिवाणावर आडवी होई. बिल्डिंगमागे दाऊदशेठच्या शेडमध्ये कापडाचे लूम खडखडत असत. त्या आवाजात तिला माईंच्या हाका ऐकू येत नसत. शुक्रवारी लूम बंद. शुक्रवारी ती कानावर उशी घेई.

आज मात्र ती खरोखरच जळत होती. किल्ली कमळला दिली असणार. वरच्या मजल्यावरची कमळ. घरात राजाराणी दोघंच, राजा दिवसभर ड्युटीवर. तिला कशाला हवंय दुसऱ्याचं रिकामं घर? स्वतःचं काय कमी रिकामं आहे? शिवाय कालपासून कमळ जिन्यात भेटली की हसत होती. कमळ सगळ्यांनाच बघून हसे, पण न्यायनिवाड्याला आज सुमतीकडे वेळ नव्हता.

खाली टॅक्सीचं दार लागलं. सुमतीने वाकून पाहिलं. कर्णिक, मुलगा, मुलगी. तिघांच्या डोक्यावर नव्या टोप्या. टॅक्सी गेली.

"शुक्! सुमतीताई, इकडे या."

विद्युल्लता दारात उभी होती. अंगात गाऊन, केस मोकळे. तिने सुमतीला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"तुम्ही गेला नाहीत?"

"कंबर धरलीय म्हणून सांगितलं," विद्युल्लता ठणठणीत आवाजात म्हणाली. "पाच वर्षं बघतेय मी. उटी, म्हैसूर, नैनिताल करून येते ती पाय सुजवून. तिथेही मीच सगळ्यांचे मोजे शोधायचे. आणि परत येऊन बघते तर तुम्ही अशा टवटवीत! म्हटलं, भिवंडीत राहून ही बाई करते तरी काय? मग दोन वर्षांपूर्वी माझ्या उशीला तुमच्या माक्याच्या तेलाचा वास आला."

सुमतीच्या तोंडचं पाणी पळालं. "रागावलात?"

"रागावते कसली? जळले. गेल्या वर्षी उटीच्या तळ्यात बोटीत बसून जळले, बाई."

तिने कुलूप सुमतीच्या हातात ठेवलं आणि त्यावर किल्ली.

"बाहेरून लावून टाका. कुणी विचारलं तर मी माहेरी, डोंबिवलीला. दुपारी दूध तेवढं देऊन जा." मग जरा विचार करून ती म्हणाली, "आणि झाडांना मीच घालेन हो पाणी."

सुमतीने कुलूप लावलं. पाच वर्षांत प्रथमच तिने ते दार कुणालातरी आत ठेवून बंद केलं होतं.

रविवार असल्यामुळे जेवायला सगळे एकदम बसले. सुमती वाढत होती, पण वर बघत नव्हती. भिंतीपलीकडे, लूमच्या खडखडाटातूनही, दिवाण करकरला. तो आवाज तिला चांगला ओळखीचा होता. तिच्या हातातला डाव आमटीत जरा जोरातच आपटला.

ते पाहून तिच्या नवऱ्याला, माधव दातारांना, गलबलून आलं. नगरपालिकेत त्यांनी वीस वर्षं दुसऱ्यांचे रजेचे अर्ज पुढे सरकवले होते. शेजारीण उटीला जाते आणि आपली बायको तिच्या तुळशीला पाणी घालते, हे त्यांना दर मे महिन्यात टोचे.

"मी साहेबांशी बोलतो रजेचं," ते घसा साफ करून म्हणाले. "उटी नाही जमायची. पण गणेशपुरीला खोली मिळते. आठ दिवस आपणही जाऊ. माईचे गुडघे तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात शेकून निघतील."

माईंनी घास हातातच ठेवला. हौसामावशी म्हणाली, "मी बी येते. पोरं बी येतील."

आता ही रडणार, असं माधवरावांना वाटलं. सुमतीने डाव खाली ठेवला. तिचा चेहरा असा फुलला, की लग्नातल्या फोटोनंतर तो तसा कुणी पाहिला नव्हता.

"आपण कशाला?" ती म्हणाली. "तुम्ही सगळे जा."