नवऱ्याचं नाव

"मारहाणीचा काही पुरावा आहे?" वकीलबाईंनी विचारलं, तेव्हा शर्वाणीनं गळ्याभोवतीचा स्कार्फ सोडला. लग्न होऊन मेलबर्नला आल्यापासून ती पहिल्यांदाच कुणाला वळ दाखवत होती. समोरची बाई मराठीत बोलत होती, म्हणून तिला रडूच फुटलं.

"घाबरू नका. व्हिसा नवऱ्यामुळे मिळालेला असला, तरी अशा वेळी इथला कायदा बाईला राहू देतो. आपण अर्ज करू. नवऱ्याचं नाव काय?"

"निनाद खासनीस."

बाईंनी नाव कॉम्प्युटरवर टाकलं आणि त्या स्क्रीनकडे बघतच राहिल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला तुमचं काम घेता येणार नाही. का, तेही सांगता येत नाही. पण आजच दुसरा वकील गाठा. उद्यावर टाकू नका."

शर्वाणीला उमगायला एक क्षण लागला. तिच्या आधी निनादच या ऑफिसात अशील म्हणून येऊन गेला होता. परवा गळा आवळल्यावर तो तिचे पाय धरून रडला होता. आणि तिला या देशातून घालवायची तयारी त्यानं कधीच सुरू केली होती.

ती रस्त्यावर आली, तोच फोन वाजला.

"कुठे आहेस गं?" निनादचा आवाज अगदी मऊ होता.

"भाजी घ्यायला आलेय."

"बरं. तुझा पासपोर्ट कुठे ठेवलायस? कपाटात दिसत नाहीये."

पासपोर्ट तिच्या पर्समध्ये होता.

"आल्यावर देते," ती म्हणाली, आणि घराच्या उलट दिशेला जाणाऱ्या ट्रॅममध्ये चढली.