द्यायचा ढीग

“ही ठेवायची की द्यायची?” हातातली पिवळी कॅसेट वर धरून चिगुसाने विचारलं.

“ठेवायची,” मोतोहारु म्हणाला. मग जरा ओशाळला. “म्हणजे, तुम्ही म्हणत असाल तर देऊन टाकू.”

“मी कशाला म्हणू? संग्रह तुमचा.”

भिंतीतल्या कपाटाची सरकती दारं त्याने सकाळीच काढून बाजूला उभी केली होती. आतला बराचसा पसारा चटईवर आला होता. जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट्स, कोपरे झिजलेले खोके, वायरींची भेंडोळी, आणि मधोमध ते लाल-पांढरं यंत्र. पांढरं कसलं, लोण्यासारखं पिवळट झालेलं. गुरुवारी दोघं नगर कार्यालयात जाऊन लग्नाची नोंद करणार होते. शनिवारी चिगुसाचं सामान येणार होतं, आणि तिच्या आईचं कपड्यांचं बुटकं लाकडी कपाट मावेल अशी या घरात हीच एक जागा होती. पन्नाशी उलटल्यावर लग्न करायचं तर जागा करावी लागणारच, असं मोतोहारुने स्वतःला बजावलं होतं. जुन्या खेळांच्या दुकानाचा माणूस उद्या गाडी घेऊन येणार होता.

छपरावरून बर्फाचा लोट घसरला आणि अंगणात धप्पकन पडला. दोघांपैकी कोणीच मान वर केली नाही.

“हिच्यावर कुणाचं तरी नाव आहे. ‘तिसरी अ, ओनिशी.’”

“मुलं एकमेकांना खेळायला द्यायची ना. परत मिळावी म्हणून नाव घालायची.”

“म्हणजे या ओनिशीला परत मिळालीच नाही बिचाऱ्याला.”

“त्यानेच विकली असेल.”

“नाहीतर त्याच्या आईने,” चिगुसा हसली. “आमच्या आईने भावाच्या अशाच विकल्या होत्या. रुसून त्याने जेवण सोडलं. म्हणजे घरचं. शेजारी जाऊन दोन-दोन वाट्या भात खायचा.”

मोतोहारुही हसला. ओनिशीची कॅसेट ठेवायच्या ढिगात गेली.

चिगुसाने मग प्लास्टिकचा क्रेट ओढला आणि द्यायचा ढीग त्यात रचायला घेतला. रचता रचता तिचा हात मंदावला. एका खोक्यावर दोन मुलं होती, फुग्यांना लोंबकळणारी. दुसऱ्यावर दोन अस्वलं. तिसऱ्यावर दोन पोरी, एकमेकींच्या पाठीला पाठ लावून उभ्या.

“हिरासावासान, या ढिगात सगळीकडे दोघं-दोघं आहेत.” लग्न ठरलं तरी ती त्याला अजून आडनावानेच हाक मारायची.

“हो,” वायर गुंडाळत तो म्हणाला. “ते दोघांनी खेळायचे. एकट्याला खेळता येत नाहीत. माझ्या काय कामाचे?”

खोके खडखडले, तेव्हा त्याने वर पाहिलं. चिगुसा क्रेटमधल्या कॅसेट्स एकेक करून परत बाहेर काढत होती आणि आपल्या मांडीवर ठेवत होती.

“अहो, त्या द्यायच्यात.”

“कोणी ठरवलं?”

“मी. काल.”

“काल मी कुठे होते?”

त्याचे कान तापले. हातातली वायर गुंडाळून संपली होती, तरी तो ती सोडवून पुन्हा गुंडाळायला लागला.

“मग तुमच्या आईचं कपाट?”

“बघू त्याचं. व्हरांड्यात ठेवू.”

“व्हरांड्यात ओल येते,” तो म्हणाला.

भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे त्याने पाहिलं. तो कप्पा त्याने अजून हलवला नव्हता. तिथे कोरे खोके होते, दुकानातून आले तसे, वरचा पातळ कागदही न फाडलेले. एकदा उघडले की त्यांचं मोल जातं, म्हणून ते तसेच राहिले होते. दर नव्या वर्षाला तो त्यांच्यावरून मऊ फडकं फिरवायचा, बस. तो उठला, गुडघे टेकून कप्प्यापुढे बसला आणि पहिली रांग दोन्ही हातांनी कवेत घेऊन क्रेटमध्ये ठेवली. मग दुसरी.

“अहो, थांबा! हे तर कोरे आहेत.”

“कोरेच राहिले,” मोतोहारु म्हणाला.

खालचा कप्पा रिकामा झाला. चिगुसाने वाकून आत पाहिलं, वितीने रुंदी मापली आणि मान डोलावली. मग ती कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या टेबलाच्या, रजईत पाय घालून बसली, एक संत्रं सोललं आणि अर्धं त्याच्यापुढे सरकवलं.

“लावा आता या दोघांनी खेळायच्यातला एखादा.”

कोपऱ्यातला जुना, जाडजूड टीव्ही त्याने पुढे ओढला. वायरी जोडल्या. यंत्राच्या बाजूच्या खाचेतून दोन नंबरचा कंट्रोलर काढून तिच्या हातात दिला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला. त्याच्या हातातल्या एक नंबरच्या कंट्रोलरवरची अक्षरं पुसून गेली होती, बटणं अंगठ्याने गुळगुळीत झाली होती. तिच्या हातातला मात्र झगझगीत होता.

“हा नंतर नवीन आणलात?”

“नाही. दोन्ही एकाच दिवशी आले.”

तिने त्या कोऱ्या बटणांवरून अंगठा फिरवला.

“आणि ही जाळी कसली?” तिने विचारलं.

“माइक आहे. दोन नंबरच्यालाच असतो. ही पट्टी वर करून बोललं की टीव्हीतून ऐकू येतं.”

“चालतो?”

“माहीत नाही,” तो म्हणाला.

त्याने कॅसेट दाबून बसवली, बटण सरकवलं. पडदा थरथरला, सूर वाजले, आणि दोन बोटभर माणसं उगवली, एक निळा, एक तांबडा. मोतोहारु रंग नीट लावायला टीव्हीसमोर वाकला. त्याच्या पाठीमागे चिगुसाने पट्टी वर केली, जाळी ओठांजवळ नेली.

टीव्हीतून खरखरीत, लांबून कुठून तरी यावा तसा आवाज आला.

“मोतोहारु, सरक ना जरा. तुझ्या डोक्यामुळे मला माझा माणूस दिसत नाहीये.”