अर्धी सावली

ऋता पुन्हा त्याच ओळीवर अडखळली.

"अरे यार!" कमल मॅडमनी पेटीवरचे हात उचलले. "राजकुमार, ध्यान कहाँ है? चलो, फिर से. हाथ पकड़ने से."

हात धरण्यापासून. ऋताला तेच हवं होतं.

नाटक होतं सावली हरवलेल्या राजकन्येचं. जादूगार तिची सावली चोरून नेतो आणि तेव्हापासून ती कुणाच्या नजरेला पडेनाशी होते. मग राजपुत्र तिचा हात धरून गाणं म्हणतो आणि आपली अर्धी सावली तिला देऊन टाकतो. दिवा असा काही लावला होता की त्या क्षणी मागच्या पांढऱ्या पडद्यावर दोघींची मिळून एकच सावली पडे. शाळा मुलींची, तेव्हा राजपुत्रही मुलगीच. अकरावीतली ऋता उंच, आवाज भरदार. तिची निवड झाली याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

राजकन्या होती मुग्धा.

मुग्धा झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीतून यायची. तिचे बाबा फौजेत. सगळ्या वर्गात घरी मराठी बोलणाऱ्या या दोघीच. ऋताचं मराठी झाशीत पिढ्यान् पिढ्या मुरलेलं, निम्मं हिंदीत बुडालेलं. मुग्धाचं साताऱ्याहून आलेलं, खणखणीत. "मला याद नाही," असं ऋता म्हणाली की मुग्धा खो खो हसायची. "अगं, आठवत नाही म्हण!"

ओळ ऋताला पाठ होती. झोपेतून उठवलं असतं तरी तिनं ती म्हणून दाखवली असती. पण ती चुकली की गाणं पुन्हा व्हायचं, आणि गाणं पुन्हा झालं की मुग्धाचा हात पुन्हा हातात यायचा. एवढंच. एवढ्यासाठी ती सगळ्यांना ताटकळत ठेवत होती.

गाणं चालू असताना मुग्धा राजपुत्राकडे बघायची. ऋता मुग्धाकडे बघायची. ती बिचारी विश्वासानं हात देते आणि आपण तो चोरून घेतो, असं ऋताच्या मनात यायचं. रोज घरी जाताना ती ठरवायची, उद्यापासून बस झालं. उद्या उजाडला की जीभ पुन्हा तिथंच अडखळायची.

त्या शुक्रवारी तालीम सुटली तेव्हा बाहेर चांगलंच अंधारलं होतं. फाटकापाशी दोघीच उरल्या.

"तुझी बस गेली असेल," ऋता म्हणाली.

"दुसरी मिळेल."

"बाबा रागावतील ना?"

मुग्धानं दप्तराचा पट्टा ओढत विचारलं, "तुला ती ओळ खरंच आठवत नाही का गं?"

पकडलं हिनं आपल्याला!

"याद नाही राहत," ती घाईघाईनं म्हणाली. "खरंच. दुसरं काय असणार?"

मुग्धा या वेळी हसली नाही. "हं," म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.

सोमवारी ती तालमीला आली नाही.

"मुग्धा अब नहीं करेगी," कमल मॅडम म्हणाल्या. "कह रही थी, पापा ने मना कर दिया. रोज़ देर हो जाती है." त्या कुणाकडे बघून बोलल्या नव्हत्या, तरी ऋताला वाटलं, सगळ्यांनी आपल्याकडेच माना वळवल्या.

राजकन्या झाली वर्गातली चारुता. तिचा हात धरून ऋतानं गाणं म्हटलं, एकही ओळ न चुकता. "शाबाश!" मॅडम खूश झाल्या. "देखा? मन लगाओ तो सब हो जाता है." ती शाबासकी ऋताला चपराकीसारखी लागली.

वर्गात मुग्धा दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. डबाही दुसऱ्या मुलींबरोबर खाऊ लागली. ऋतानं तिला एका शब्दानं विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार? रविवारी मात्र ती उठली, नाटकातल्या कपड्यांना लावायला जरीची किनार आणायला मानिक चौकातल्या बाजारात जाते असं आईला सांगितलं आणि बबीन्याच्या बसमध्ये बसली.

दार मुग्धाच्या बाबांनीच उघडलं. जयसिंग काकांना ती एकदा शाळेत भेटली होती.

"ये की पोरी. मुग्धा न् तिची आई बाजारला गेल्यात. येतीलच."

"काका, मला तुमच्याशीच बोलायचंय." ऋता बसली नाही. "मुग्धाला उशीर व्हायचा ना, तो माझ्यामुळे. मी चुकत होते म्हणून. जानबूझकर चुकत होते. तिची काही गलती नाही. तिला नाटकात परत पाठवा. पाहिजे तर मी सोडते."

"मुद्दाम चुकत होतीस? ते कशापायी?"

याचं उत्तर ती बसमध्ये सारखं घोकत आली होती. आता ओठांपर्यंत आलेलं ते उत्तर तिनं गिळून टाकलं.

"मस्ती म्हणून," ती म्हणाली आणि तिनं मान खाली घातली. खरं सांगायला इतक्या लांब आली, आणि नेमकं तेच राहिलं.

जयसिंग रागावले नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

"पण पोरी, मी कुठं मना केलं? उशीर व्हायला लागला तसं मीच तिला म्हणालो, नाटक होईस्तोवर झाशीतच खंडेराव गेटला मावशीकडं राहा. तर नको म्हणाली."

"मॅम तर म्हणाल्या की तुम्ही..."

"छ्या! तिनंच सोडलं. शुक्रवारी घरी आली ती रडतच. खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं बोलली." ते समजुतीनं हसले. "राजपुत्राचं मोठं काम तुला मिळालं, म्हणून रुसली असंल. तू काय मनाला लावून घेऊ नको."

"काय बोलली, काका?"

"म्हणाली, ‘ते सगळं ऋताचं नाटक आहे, बाबा. माझं नाही.’"

‘दुसरं काय असणार?’ फाटकापाशी आपणच म्हटलेलं ऋताला आठवलं.