बटण दाबा, गाणं ऐका

पनवेलच्या नव्या संग्रहालयात बटण दाबलं की भामाकाकींच्या आवाजात लग्नातलं जुनं गाणं ऐकू यायचं. आसपासच्या गावांतल्या लग्नांत जन्मभर गायलेल्या काकी उद्घाटनाला पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

प्रमुख पाहुणे, बिल्डर कमळाकरशेठ यांनी ऐटीत बटण दाबलं. हळद लागताच घाबरून भाताच्या कणगीत लपलेल्या आणि मामाने पाय धरून बाहेर ओढलेल्या नवरदेवाचं ते गाणं होतं. शेठ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"काकी, असा भित्रा नवरा खरंच होता?"

"व्हता ना! त्याच्या हलदीला मीच गायली."

शेठनी माईक काकींच्या तोंडापुढे धरला. "मग सांगा ना सगळ्यांना, कोण तो?"

 

"बाला, तुजाच बापूस."